टाक धरला की मिटणारा हात

रतिलालने तांब्या उचलला आणि तिथेच घात झाला.

साल सत्तावन्न. दसरा नुकताच होऊन गेला होता आणि शहाद्याच्या कचेरीत दुपारी बाराची वेळ होती. घटकाभरापूर्वीच त्याने अव्वल कारकून हिंमतरावांपुढे उभं राहून सांगितलं होतं, "भाऊसाहेब, उजवा हात चालत नाही. टाक धरला की बोटं मिटतात ती उघडतच नाहीत. दोन ओळी झाल्या की मनगट वाकडं होतं." एवढं बोलताना घसा कोरडा पडला, म्हणून तो कोपऱ्यातल्या माठाकडे गेला. काठोकाठ भरलेला पितळी तांब्या त्याने उजव्याच हाताने उचलला, मान मागे टाकली, वरून धार धरली आणि थेंब न सांडता पाणी प्यायला.

नाटकात राजाने रणांगणावर प्राण सोडावा आणि पडदा पडायच्या आधी हात उचलून मानेवरचा डास मारावा, तसं झालं. सगळी कचेरी बघत होती. एक शिपाई तोंडात टोपी कोंबून बाहेर पळाला.

"पाटील," हिंमतराव म्हणाले, "पाणी गोड लागलं का?"

"हो, भाऊसाहेब."

"लागणारच. न चालणाऱ्या हाताने प्यायलेलं पाणी गोडच लागतं."

रतिलाल पाटील मूळचा सारंगखेड्याचा, गुजर शेतकऱ्याच्या घरचा. थोरले भाऊ तापीकाठच्या काळ्या जमिनीत कपाशी आणि केळी काढत होते. याचा जीव मात्र लहानपणापासून अक्षरावर. गावातल्या एका म्हाताऱ्या कुळकर्ण्याच्या ओसरीवर बसून तो मोडी शिकला आणि त्याच जोरावर कचेरीत नक्कल कारकून झाला. जुना कागद समोर ठेवायचा, तो बाळबोधीत जसाच्या तसा उतरवायचा, खाली 'नक्कल करणार' म्हणून सही करायची, हे त्याचं काम. सोळा वर्षं त्याने ते असं केलं की पक्षकार नक्कल हातात घेऊन आधी मजकूर वाचतच नसत, नुसते बघत राहत. अक्षर कसं, तर पंगतीत वाढलेल्या बुंदीच्या लाडवांसारखं. एक मोठा नाही, एक लहान नाही. लोक म्हणत, रतिलालच्या हातची नक्कल असली की वकिलाचं काम अर्धं.

त्या वर्षी कूळ कायद्याची धामधूम होती. जो जमीन कसतो तो मालक होणार, असं ठरलं होतं, आणि त्यासाठी बापआजाच्या काळचे कागद हवे होते. कचेरीच्या ओट्यावर माणसं कांदे ओतल्यासारखी पसरलेली असत. रतिलाल सकाळी दिवा असताना लिहायला बसे तो पुन्हा दिवा लागेपर्यंत. पोळ्याच्या सुमाराला पहिल्यांदा अंगठा टाकाच्या दांडीवर असा आवळला गेला की निब कागदातून आरपार गेलं. त्याला वाटलं, थकवा असेल. आठवड्याने पुन्हा तसंच. मग रोज.

त्याची त्यालाच खात्री पटेना. घरी जाऊन त्याने त्याच हाताने म्हशीची धार काढली, निघाली. सुईत दोरा ओवून पाहिला, ओवला गेला. अडकित्त्याने सुपारीची कात्रणं केली, केसासारखी बारीक. मग मनाचा हिय्या करून टाक धरला आणि 'श्री' लिहायला गेला, तर बोटं पालीने किडा धरावा तशी मिटली आणि कोपरापर्यंत लाकूड झालं. माणसाला स्वतःच्याच हाताचा संशय यावा, यासारखी वाईट वेळ नाही.

इतरांना संशय यायला कारण होतं. नकलांच्या ढिगात सगळ्यात वर जामसिंगचा अर्ज होता. जामसिंग हा डोंगराकडून खाली येऊन दोन पिढ्या शहाद्याच्या शिवारात जमीन कसणारा पावरा आदिवासी. त्याच्या आजाने मालकाला लिहून दिलेली कबुलायत आणि पीकपाहणीची जुनी पत्रकं असे अकरा मोडी कागद दप्तरात होते. त्यांची नक्कल जानेवारीअखेरच्या सुनावणीला हजर झाली तर नऊ एकरांवर त्याचा हक्क उभा राहणार होता, नाही तर नाही. मोडी वाचणारा कचेरीत एकटा रतिलाल. आणि त्या नऊ एकरांचा मालक होता चुनीलाल, रतिलालच्या बायकोचा सख्खा भाऊ.

आता सांगा, कोण म्हणेल की हात खरंच दुखतो?

जामसिंग रोज सकाळी येऊन ओट्यावर बसे. रतिलाल आला की त्याच्या उजव्या हाताकडे बघे आणि गेला की पाठीकडे. एकदाच त्याने विचारलं. घरी तो पावरी बोले, पण बाजारात नि कचेरीत तोडकीमोडकी अहिराणी. "दादा, हात कवय बरा व्हयी? तुन्हा साला सांगी तवय का?"

तो प्रश्न घेऊनच रतिलाल घरी गेला. बायको, जसोदाबाई, चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मन्हा भाऊनी तुमले काही सांगेल शे का? खरं बोला."

"तूसुद्धा?"

"मी इचारी ऱ्हायनू फक्त."

आणि दुसऱ्याच दिवशी चुनीलालचा गाडीवान दारात केळीचे दोन मोठे घड उतरवून गेला. भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर. वर निरोप, 'दाजींना म्हणावं, तुमचे उपकार विसरणार नाही.' चुनीलाल मनाने वाईट नव्हता. त्याची खरोखरच समजूत झाली होती की दाजी त्याच्यासाठी हात आखडून बसलेत, आणि केलेल्या उपकाराची जाण ठेवावी एवढंच त्याला कळत होतं.

रतिलाल कपाळाला हात लावून बसला. "परत पाठव."

"परत धाडं ते लोक म्हनतीन वाटामा भांडन व्हयनं," जसोदाबाई म्हणाली. "खादं ते म्हनतीन लाच खादी."

"मग काय करायचं?"

"म्हैसले टाका."

तेही केलं. मग गल्लीत बोलवा उठली की पाटलाच्या घरी आता केळी इतकी येतात की म्हैस खाते.

शेवटी हिंमतरावांनी त्याला बोलावलं. हिंमतराव म्हणजे सरळ माणूस, पण त्यांचा स्वभाव असा की सूर्य उगवला तरी आधी घड्याळ बघतील. ते म्हणाले, "पाटील, मी तुम्हाला लबाड म्हणत नाही. खरे आहात असंही म्हणत नाही. बाजारपेठेत डॉक्टर इंदरमल आलेत. त्यांच्याकडे विजेचं यंत्र आहे. त्यांचा दाखला आणा. हात आजारी आहे असं त्यांनी लिहून दिलं तर रजा. नाही दिलं तर मी तुमच्यावर अहवाल लिहीन, आणि मग नोकरीचं काय होतं ते मामलेदारसाहेब बघतील."

विजेचं यंत्र रतिलालला नवं नव्हतं. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत त्याने असं यंत्र पाहिलं होतं. एक डबा, दोन पितळी मुठी. आणा द्यायचा, मुठी धरायच्या, आणि फिरवणारा म्हणायचा, 'खरा मर्द असेल तोच धरून ठेवील!' भले भले पैलवान किंचाळत सुटायचे. आता तोच डबा कचेरीच्या हुकमाने आपल्याला लावणार. कशासाठी? त्याच्या मनाने हिशेब जुळवला. हा खरं-खोटं ओकायला लावायचा डबा. डॉक्टर आणि भाऊसाहेब आतून एक आहेत.

आणि इथे रतिलालने चूक केली. त्याने विचार केला, लिहितानाच तेवढा हात मिटतो म्हटलं तर कचेरी हसली. खरं सांगून बघितलं, ते खोटं ठरलं. मग खऱ्यासारखं दिसेल असंच काही सांगावं. सगळा हातच गेला म्हणावं. ना तांब्या, ना टाक. गावच्या नाटकमंडळीत तो दर यात्रेला हार्मोनियमवर बसत असे. आजारी माणूस रंगमंचावर कसा चालतो, हे त्याने पुष्कळदा पाहिलं होतं. जसोदाबाईच्या जुन्या लुगड्याची झोळी करून त्याने हात गळ्यात बांधला आणि खांदा पाडून, पाय किंचित ओढत तो दवाखान्यात शिरला. पाय ओढायची काही गरज नव्हती. पण एकदा सोंग घेतलं की माणूस थोडं जास्तच करतो.

डॉक्टर इंदरमल मारवाडी व्यापाऱ्याच्या घरचे, वय तिशीच्या आत. बापाचं कापडाचं दुकान सोडून शिकले म्हणून गावाला त्यांच्यावर अजून भरवसा नव्हता. दवाखान्यात तारेची वीज नव्हती. यंत्र म्हणजे सागवानी डबा, त्यात कोरडे सेल, तांब्याच्या तारेचं रीळ, आणि एक पोलादी पट्टी जी सुरू झाली की भुंग्यासारखी गुणगुणे. डॉक्टरांनी मिठाच्या पाण्यात भिजवलेली एक घडी त्याच्या खांद्यामागे बांधली, दुसरी काठीच्या टोकाला लावून कोपराखाली बाहेरच्या अंगाला टेकवली आणि खुंटी फिरवली.

मुंग्या आल्या. मग कातडीखाली कोणी तार ओढल्यासारखं झालं आणि रतिलालची बोटं त्याला न विचारता उघडली. पाचही. उमललीच म्हणा ना. तो ओरडणार होता, पण आपला हात मेलेला आहे हे ऐनवेळी आठवलं आणि त्याने ओठ आवळले.

"दुखतं?"

"काहीच कळत नाही, डॉक्टरसाहेब. लाकूड झालंय."

"लाकडाच्या अंगावर काटा येत नाही," डॉक्टर त्याच्या दंडाकडे बघत शांतपणे म्हणाले. "नस जिवंत आहे. स्नायू माझ्यापेक्षा चांगले आहेत. मग हात मेला कसा?" त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. ते रतिलालला समोरून उलटं दिसूनही वाचता आलं. "रोज या. दाखला आत्ता देत नाही."

रोज गेला. रोज बोटं उघडली, रोज तो लाकूड झाला, आणि वहीतली प्रश्नचिन्हं वाढत गेली.

मग दत्तजयंती आली. सारंगखेड्याला तापीच्या वाळवंटाशेजारी घोडे उभे राहिले. मंडळीचं नाटक दुसऱ्या दिवशी होतं आणि आदल्या दुपारी गाड्यांच्या आडोशाला तालीम चालली होती. रतिलाल नुसता बघायला गेला होता, गळ्यात झोळी घालून. हार्मोनियमवर कोणी नवखा बसला होता आणि नायिकेच्या पदाला असे सूर देत होता की नायिकेचं काम करणारा गडी, चांगला मिशाळ शेतकरी, रडकुंडीला आला.

"रतिलालदादा, एक हात तरी धर रे! नाही तर उद्या लोक ढेकळं मारतील!"

रंगमंचाची हाक जातिवंत माणसाला कशी ऐकू येते, हे ज्याने एकदा तोंडाला रंग लावलाय त्यालाच ठाऊक. रतिलालने झोळी काढली. त्याला पत्ताच लागला नाही, कधी काढली. बोटं पट्ट्यांवरून धावली, पद उभं राहिलं, गड्यांनी माना डोलावल्या. शेवटचा सूर लांबवून त्याने डोळे उघडले तर समोर, एका पांढऱ्या घोडीचा लगाम धरून, हिंमतराव उभे. घोडी घ्यायला नव्हे, घोड्याचे दात बघून व्यापाऱ्याने वय किती चोरलंय ते ओळखायचा त्यांना नाद होता.

"वा," हिंमतराव म्हणाले. "मेलेल्या हाताचा सूर काय लागलाय!"

सोमवारी सकाळी ते रतिलालला स्वतः घेऊन दवाखान्यात आले आणि सगळी हकीगत सांगितली. तांब्यापासून हार्मोनियमपर्यंत. रतिलाल भिंतीला टेकून उभा होता. जामसिंगही मागोमाग आला होता आणि दाराशी उकिडवा बसला होता, कारण ज्या हातावर त्याचे नऊ एकर टांगले होते तो हात कुठे जातो ते बघणं त्याला भाग होतं.

डॉक्टर ऐकत होते. मग म्हणाले, "हार्मोनियम वाजते?"

"वाजते," रतिलाल पुटपुटला.

"धार काढता येते?"

"येते."

"आणि लिहिताना?"

"लिहितानाच मिटतो, डॉक्टरसाहेब. फक्त लिहितानाच. पण हे कोण मानणार?"

डॉक्टरांनी कपाटातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढून टेबलावर आपटलं. त्यांना हसू येत होतं आणि रागही आला होता. "अहो पाटील, मी मानलं असतं! पहिल्याच दिवशी! जो हात सगळं करतो आणि लिहीत नाही, तोच हा आजार. कारकुनांना होतो, तारमास्तरांना होतो, सारंगी वाजवणाऱ्यांना होतो. शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तुम्ही खरं बोलला असता तर दोन मिनिटांत दाखला दिला असता. आता तुमच्या कोणत्या शब्दावर सही करू?"

रतिलाल मटकन खाली बसला. सत्य त्याच्या खिशात होतं आणि तो खोटी नाणी वाजवत फिरला होता.

"बसा असे. लिहा."

डॉक्टरांनी टाक दिला. दुसऱ्या ओळीला बोटं मिटली, मनगट वळलं, कपाळावर घाम आला. डॉक्टरांनी पंजाने त्याचा हात चाचपला. पुढचे आणि मागचे स्नायू एकमेकांशी भांडत होते. त्यांनी काठी कोपराखाली टेकवली, पट्टी गुणगुणली, बोटं उघडली, टाक गळून पडला. पुन्हा लिहा म्हणाले. पुन्हा तेच.

"आजार आहे," डॉक्टर म्हणाले.

"नाटकातला माणूस आहे," हिंमतराव म्हणाले.

दाराशी बसलेला जामसिंग उठला आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. "माले लावा."

डॉक्टरांनी त्याच्या कोपराखाली काठी टेकवली. जामसिंगने मूठ घट्ट आवळली होती. नांगर धरलेली मूठ. ती हळूहळू उघडली. त्याने पुन्हा आवळली, पुन्हा उघडली. तो आपल्या तळव्याकडे टक लावून बघत राहिला. "मी नही उघाडा. तो सोताच उघडना. हाऊ हात मन्हाच शे ना?" मग रतिलालकडे वळून म्हणाला, "हात मालकनं आयकस नही, असं व्हस ते खरं. पन तुन्हं काय शे, ते मी आजून नही म्हनस."

उपचार ठरला. रोज पंधरा मिनिटं वीज, त्यानंतर लगेच लिहायचं. टाकाच्या दांडीला जामसिंगनेच आणून दिलेला कापूस गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड केली. बोटांनी नाही, खांद्यापासून हात सरकवून लिहायचं. अक्षरं मोठी झाली, वेडीवाकडी झाली, पहिलीतल्या पोराच्या पाटीवर शोभतील अशी. वीज दिली की दहा-बारा ओळी निघत. मग पुन्हा मिटणं सुरू. सोळा वर्षं लाडू वळणाऱ्या हलवायाला शेण थापायला बसवावं, तसं रतिलालला वाटे.

महिना असाच गेला. सुनावणीला पंचवीस दिवस उरले तेव्हा हिंमतरावांनीच तोड काढली. "पाटलांनी मोडी मोठ्याने वाचावं, दुसऱ्या कारकुनाने लिहावं."

पण जामसिंग अडून बसला. "तो बोली नि दुसरा लिखी. मंग मन्हा आजानं नाव तठे वाचं का गियी टाकं, हाई माले कोन सांगी? तोंडना शब्द हवामा जास. हातनं लिखेल ऱ्हास. त्याना हातनंच पाहिजे. चुकना ते हात धरता येस."

"त्याच्या हातावर तरी कुठे भरवसा आहे तुझा?" हिंमतरावांनी विचारलं.

"नही. पन तोंडवर त्यानाबी कमी शे."

अस्सल कागद कचेरीबाहेर न्यायचा नाही, हा नियम. म्हणून डॉक्टर इंदरमल दवाखाना उघडायच्या आधी रोज सकाळी कचेरीत येऊ लागले, आणि तो सागवानी डबा डोक्यावर घेऊन त्यांच्यामागे जामसिंग. बाजारपेठेतून ही मिरवणूक निघाली की दुकानदार गादीवरून उठून बघत. रतिलालच्या टेबलासमोर, हातभर अंतरावर, हिंमतरावांनी स्वतःची खुर्ची मांडली. हातात एक वही. आज किती ओळी लिहिल्या, कितव्या शब्दाला हात अडला, डाग कुठे पडला, सगळं टिपून ठेवायचे. कोणी बोलायला आलं तर मान न वळवता उत्तर द्यायचे.

"भाऊसाहेब, डोळ्याला पाणी येईल," रतिलाल एकदा म्हणाला.

"येऊ दे. डोळा माझा आहे. तुमच्या हातासारखा नाही, माझं ऐकतो."

वीस दिवसांत अकरा कागद उतरत आले. सुनावणीच्या आदल्या दिवशी, शेवटच्या पानावर, सेल मेले. पट्टी दोनदा खोकली आणि गप्प झाली. नंदुरबारहून नवे यायला दोन दिवस लागले असते. उरलेल्या सात ओळी रतिलालने विजेवाचून लिहिल्या. एकेका शब्दानंतर टाक खाली ठेवायचा, डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून उकलायची, पुन्हा टाक उचलायचा. संध्याकाळपर्यंत चाललं ते. समोरची खुर्ची हलली नाही. शेवटी 'नक्कल करणार' लिहून सही केली, तीही वाकडीच.

दुसऱ्या दिवशी मामलेदारसाहेबांपुढे सुनावणी झाली. नक्कल पुढे आली तसा चुनीलालचा वकील उठला. त्याच्या एका हातात ही नक्कल, दुसऱ्या हातात दोन वर्षांपूर्वीची.

"साहेब, रतिलाल पाटलांचं अक्षर सगळा तालुका ओळखतो. हे त्यांचं. आणि हे? हे त्यांचं असेल तर मी सनद परत करतो. अक्षर वेगळं, सहीसुद्धा वेगळी. हा कागद भलत्यानेच लिहिलाय."

खोलीत कुजबुज झाली. रतिलालचं तोंड पांढरं पडलं. लिहीत नव्हता तेव्हा लबाड ठरला होता. आता लिहिलं, तरी लबाडच.

"इथे चार शब्द लिहून दाखवा," साहेब म्हणाले.

त्याने टाक घेतला. एवढे डोळे, विजेची गुणगुण नाही, दांडीला कापूस नाही. पहिल्याच अक्षराला मूठ वळली आणि कागदावर शाईचं तळं झालं. ते ना जुन्या नकलेसारखं दिसत होतं, ना नव्या. वकिलाने नुसते हात पसरले.

तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"साहेब," हिंमतराव म्हणाले, "कागद याच माणसाने लिहिलाय. अक्षर न् अक्षर."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी समोर बसलो होतो. वीस दिवस. नजर हलवली नाही."

"का बरं?"

हिंमतरावांनी घसा खाकरला. "हा लबाडी करतोय असा माझा संशय होता. पकडायला बसलो होतो." हशा पिकला, पण ते हसले नाहीत. त्यांनी वही उघडली. "तिसरं पान, नववी ओळ, 'वहिवाट' या शब्दावर डाग. सहावं पान, मधली दोन अक्षरं फाटलीत, निब रुतलं म्हणून. अकराव्या पानावर शेवटच्या सात ओळी, विजेवाचून. पडताळून घ्या. बाकी मजकूर खरा का खोटा, त्यासाठी साहेबांनी धुळ्याहून मोडी जाणणारा आणावा. लिहिलं कोणी, ते मी सांगतो."

साहेबांनी नक्कल उलगडली. पडताळली. डाग जागच्या जागी होते. आठवड्याने धुळ्याहून एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी अस्सलाशी ओळ न् ओळ ताडून बघितली आणि एका काना-मात्रेचीही चूक निघाली नाही. पावसाच्या तोंडाला निकाल लागला. नऊपैकी सात एकर जामसिंगच्या नावे झाले. चुनीलाल पुढे दोन वर्षं बहिणीच्या दारात आला नाही, आणि जसोदाबाईने त्याबद्दल नवऱ्याला कधी एक शब्द ऐकवला नाही.

रतिलालचा हात काही बरा झाला नाही. नवे सेल आले, आणखी सहा महिने वीज घेतली, दहा ओळींच्या पंधरा झाल्या, पुढे सरकेना. डॉक्टर इंदरमलांनी वहीतली प्रश्नचिन्हं खोडली आणि दाखला दिला. कचेरीने त्याला दप्तरखान्यात मोडी वाचायला बसवलं. आता तो वाची आणि दुसरे लिहीत, आणि जामसिंगच्या वस्तीतली माणसं कागदासाठी आली की म्हणत, रतिलालदादानं तोंड चालेल.

चौसष्ट साली हिंमतराव निवृत्त झाले. हारतुरे झाले, फोटो झाला. सगळे पांगल्यावर ते दप्तरखान्यात आले आणि दार लोटून घेतलं.

"पाटील, आता मी कोणी नाही, तुम्हीही माझे कोणी नाही. खरं सांगा. साक्ष दिली ती बघितल्याची दिली, मानल्याची नाही. सुरुवातीचे चार दिवस तरी, मेव्हण्यासाठी, थोडं मुद्दाम..."

रतिलालने जुना कागद गुंडाळून ठेवला. त्याला सात वर्षांपूर्वीसारखा राग आला नाही.

"भाऊसाहेब, तुमचा विश्वास असता तर तुम्ही खुर्ची मांडून बसला नसता. मग कोर्टात माझ्या बाजूने कोण उठलं असतं? तुमच्या संशयावर मी तगलो. तो आता काढून घेऊ नका."

हिंमतरावांनी डोळे बारीक केले, त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे काहीतरी होतं खरं!"